बंद पडत चाललेल्या हार्ड डिस्कमधील माहिती कशी वाचवावी

हार्ड डिस्क अचानक गेली असे सांगत लोक संगणक घेऊन येतात, परंतु थोडी विचारपूस केली की बहुतेक वेळा असे कळते की ती कित्येक दिवसांपासून सूचना देत होती. संगणक सुरू होण्यास नेहमीपेक्षा फार वेळ लागत होता, एखादे फोल्डर उघडताच पडदा गोठत होता, लग्नाच्या फोटोंपैकी काही फोटो अर्धेच दिसून खाली करडा पट्टा येत होता, किंवा पेन ड्राइव्हवर फाइल उतरवताना काम दर वेळी एकाच टक्क्यावर अडत होते. ही लक्षणे दिसू लागल्यापासून डिस्क पूर्ण बंद पडेपर्यंत जो काळ मिळतो, त्यातच माहिती घरच्या घरी वाचवता येते. तो काळ किती असेल हे कोणालाही सांगता येत नाही, म्हणून पहिले लक्षण दिसताच त्या डिस्कवरचे रोजचे काम थांबवून संगणक बंद करावा.

हे टिपण मुख्यतः तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या ठिकाणी फोटो स्टुडिओ, कृषी केंद्र, पतसंस्था, शाळेचे कार्यालय किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी आहे. घाटंजी, चिमूर, आरमोरी किंवा मेहकरसारख्या ठिकाणाहून मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे कामाचा एक दिवस मोडतो आणि खर्चही होतो. त्यामुळे कोणते काम आपण स्वतः करू शकतो आणि कोणत्या डिस्कला हातही लावू नये, हा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की असावी. नादुरुस्त डिस्कमधून अजून किती वाचता येईल याला मर्यादा असते आणि प्रत्येक वाचनागणिक ती शिल्लक कमी होत जाते. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की घरातले जाणते माणूस आधी पिण्याचे पाणी काढून ठेवते आणि बाकीचे नंतर पाहते. येथेही तोच क्रम लागतो. आधी संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या धडधाकट डिस्कवर उतरवून घ्यावी आणि फाइली शोधणे, दुरुस्त करणे, निवडणे ही सर्व कामे त्या प्रतीवर करावीत. ज्यांची माहिती कायमची गेली, त्यांच्यापैकी पुष्कळांनी हाच क्रम उलटा केलेला असतो. "भाऊ, एक डाव लावून तं पाहा, फोटो दिसते का नाही," असा आग्रह डिस्कचा मालक करतो, दुरुस्ती करणाऱ्या दुकानदारालाही नाही म्हणवत नाही, आणि त्या पाहण्यातच डिस्कचा शेवटचा चांगला तास निघून जातो.

असे का होते हे समजण्यासाठी डिस्कच्या आत काय चालते ते थोडक्यात पाहू. आतील चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे हेड त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. एखादा भाग वाचता आला नाही की डिस्क स्वतःच तो पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, तेवढ्याने भागले नाही तर विंडोजही तीच मागणी पुन्हा करते, आणि आपल्याला मात्र नुसता फिरणारा गोल दिसत राहतो. त्या वेळात अशक्त हेड त्याच खराब जागेवर पुनःपुन्हा झटत असते. चकतीवर ओरखडा असेल तर त्यातून निघालेले कण इतरत्र पसरून चांगला भागही खराब करतात.

म्हणूनच अशी डिस्क चालू विंडोजला जोडून उघडणे टाळावे. विंडोज ती जोडताच फोल्डरांची यादी वाचते, फोटोंची छोटी चित्रे तयार करते, अँटिव्हायरस तपासणी सुरू करतो, आणि थोड्याच वेळात "स्कॅन अँड फिक्स" करायचे का असे विचारणारी चौकट येते. त्या चौकटीला, तसेच डिस्क फॉरमॅट किंवा इनिशिअलाइझ करायची का असे विचारणाऱ्या चौकटीलाही, नकारच द्यावा. "स्कॅन अँड फिक्स"मागे चालणारे विंडोजचे चेकडिस्क हे साधन माहिती वाचवण्यासाठी बनवलेलेच नाही. त्याचे काम फाइलींची नोंदव्यवस्था सुसंगत करणे हे आहे, आणि त्यासाठी ते त्याच आजारी डिस्कवर लिहिते, न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकते आणि तुटलेले तुकडे वेगळ्या नावाने एका छुप्या फोल्डरमध्ये टाकते. धडधाकट डिस्कवर हे ठीक आहे. बंद पडत चाललेल्या डिस्कवर त्याने फाइलींची नावे आणि फोल्डरांची मांडणी कायमची जाऊ शकते. डीफ्रॅगमेंट करणे, त्याच डिस्कवर नवे रिकव्हरी सॉफ्टवेअर बसवणे आणि विंडोज पुन्हा टाकणे हेही त्याच कारणाने वर्ज्य समजावे.

आधी ऐका, मग आकडे पाहा

डिस्क एकदाच सुरू करून कान देऊन ऐकावी. ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल तर बहुधा हेड निकामी झालेले असते. चकती फिरण्याचा आवाज न येता बारीक पीं-पीं असा आवाज येत असेल तर मोटर अडकलेली असते किंवा हेड चकतीला चिकटलेले असते. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर एक क्षणही न थांबता वीज तोडावी. डिस्क हातातून पडलेली असेल, पाण्यात भिजलेली असेल, जळाल्याचा वास येत असेल किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) तिचे नावच दिसत नसेल, तर या टिपणातील प्रत काढण्याचा भाग तिच्यासाठी नाही. अशी डिस्क पुन्हा सुरू न करता थेट माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावी. आवाज साधा असेल, नाव आणि क्षमता बरोबर दिसत असेल आणि केवळ संथपणा किंवा वाचनातील त्रुटी असतील, तरच पुढे जावे.

आकडे पाहायचे असल्यास विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्समध्ये (विंडोजऐवजी चालवता येणाऱ्या मोफत प्रणालीत) स्मार्टसीटीएल ही मोफत साधने आहेत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात, आणि त्यातील तीन ओळी आपल्या कामाच्या आहेत. क्रमांक ५ म्हणजे खराब म्हणून बाद करून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर (डिस्कवरील साठवणुकीचे छोटे कप्पे) वापरले गेले त्यांची संख्या; क्रमांक १९७ म्हणजे सध्या वाचता न येणारे आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर; क्रमांक १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न वाचले गेलेले सेक्टर. माहिती वाचवण्याच्या दृष्टीने १९७ हा आकडा सर्वांत बोलका आहे, कारण त्या सेक्टरांतील मजकूर आजही अडकून पडलेला असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मुळात सोळाच्या पायावर दाखवते, त्यामुळे तेथे दिसणारा १० हा प्रत्यक्षात १६ असतो. सेटिंगमध्ये दशमान पद्धत निवडली की हा घोळ राहत नाही. क्रमांक १९९ वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, तेव्हा आधी केबल बदलून पाहावी. उंदराने कुरतडलेल्या किंवा गंजलेल्या केबलमुळे चांगली डिस्क आजारी ठरल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत.

गुगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट अधिक असल्याचे त्यात दिसले. मात्र बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या महत्त्वाच्या स्मार्ट नोंदींमध्ये आधी काहीच दिसलेले नव्हते, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की आकडा वाढला तर तो गंभीर मानावा, परंतु आकडा शून्य आहे म्हणून निश्चिंत राहू नये. "गुड" असा निळा शेरा दिसत असूनही डिस्क अडखळत असेल तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

वीज, ऊन आणि कूलर

प्रत काढण्याचे काम काही तास आणि क्वचित काही दिवस चालते, म्हणून सुरू करण्याआधी जागेची तयारी करणे आवश्यक आहे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि परत येताना व्होल्टेज बराच वर-खाली होतो. आजारी डिस्कला हा झटका मारक ठरू शकतो. बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप या कामासाठी सोयीचा पडतो. अडीच इंची डिस्क यूएसबीमधून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी काम चालू राहते. साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क तेवढी बंद पडते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा डिस्कचा अडॅप्टर इन्व्हर्टर किंवा यूपीएसच्या लाइनवरच असावा. त्याच टेबलावर पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून डिस्कला लावला गेला, तर सर्किटमधील संरक्षक डायोड जळतो आणि साध्या दोषाची डिस्क प्रयोगशाळेची होऊन बसते. म्हणून अडॅप्टरवरील आकडा दर वेळी वाचावा. मृगाच्या आधी विजा कडकडत असतील त्या संध्याकाळी हे काम हाती घेऊच नये.

दुसरा प्रश्न उष्णतेचा आहे. बहुतेक डिस्कना साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्याची मुभा कंपनीने दिलेली असते, पण बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या छताखालच्या दुकानात सलग वाचन करणारी डिस्क ती पातळी सहज गाठते. उन्हाळ्यात हे काम रात्री सुरू करावे, डिस्क बंद खोक्यातून काढून लाकडी टेबलावर सपाट ठेवावी आणि तिच्यावर साध्या टेबल फॅनचा वारा राहील असे पाहावे. कूलरच्या थेट झोतात ती ठेवू नये, कारण त्या हवेत पाण्याचा अंश असतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून पाहण्याचा जुना उपाय अजूनही सुचवला जातो, तो करू नये. साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असते. थंड डिस्क आपल्या उकाड्यात बाहेर काढली की तिच्यावर आणि आत दव साचते, आणि त्या ओलाव्यात हेड फिरू लागले की उरलेसुरले नुकसान पूर्ण होते.

डिस्कचे झाकण उघडू नये हे वेगळे सांगण्याची गरज भासू नये, तरी सांगतो. प्रयोगशाळेत हे काम गाळलेल्या हवेच्या स्वच्छ कक्षात करतात. घरात कापूस भरून ठेवला असेल तर डोळ्यांना न दिसणारे तंतू सगळ्या खोलीत तरंगत असतात, आणि त्यातील एक तंतूदेखील हेड आणि चकतीमधल्या अंतराच्या मानाने प्रचंड असतो.

प्रत काढणे

या कामासाठी ग्नू डीडीरेस्क्यू (ddrescue) हे अँटोनिओ डियाझ डियाझ यांनी लिहिलेले मोफत साधन मी सर्वांत विश्वासाचे मानतो. साधे कॉपी-पेस्ट पहिल्या खराब जागेवर अडून बसते. डीडीरेस्क्यू अशी जागा टाळून पुढे जाते, आधी सगळा चांगला भाग उचलते आणि अवघड भागाकडे शेवटी वळते. कोणता भाग झाला आणि कोणता राहिला याची नोंद ते एका छोट्या मॅप फाइलमध्ये ठेवत जाते, त्यामुळे वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू होते. लोडशेडिंगच्या गावात या एका गुणासाठीही हे साधन निवडावे.

हे साधन सिस्टमरेस्क्यू नावाच्या लिनक्स प्रणालीत आधीपासून असते. तिची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण प्रणाली असलेली एकच फाइल, दुसऱ्या, चांगल्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि रूफस किंवा व्हेंटॉय या साधनांच्या मदतीने पेन ड्राइव्हवर टाकावी. एकदा केलेला पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे कामी येतो, तेव्हा इंटरनेट चांगले चालत असेल त्या दिवशीच तो तयार करून ठेवावा. उबुंटूसारखी प्रणालीही चालते, पण तिचा डेस्कटॉप जोडलेली डिस्क आपोआप उघडू शकतो, जे आपल्याला नको आहे. प्रत ठेवण्यासाठी मूळ डिस्कच्या क्षमतेपेक्षा मोठी चांगली डिस्क घ्यावी. १ टीबीच्या डिस्कसाठी २ टीबीची घेतली तर प्रतही मावते आणि नंतर तीतून काढलेल्या फाइलीही. ती एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. शक्य असेल तेथे आजारी डिस्क यूएसबीऐवजी डेस्कटॉपच्या साटा केबलला थेट जोडावी. यूएसबीचे अनेक कन्व्हर्टर त्रुटी आली की गोंधळतात आणि डिस्कशी संपर्कच तोडतात. अडीच इंची बाहेरच्या डिस्कपैकी काहींच्या सर्किटवरच यूएसबीचे सॉकेट जोडलेले असते आणि काहींच्या खोक्यातील चिप सर्व मजकूर कूटबद्ध करते, त्यामुळे अशा डिस्क खोक्यातून काढून उपयोग होत नाही. त्या आहेत तशाच वापराव्यात.

जोडण्यापूर्वी दोन्ही डिस्कच्या लेबलवरील मॉडेल आणि सिरिअल क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. प्रणाली सुरू झाल्यावर डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे मिळतात, आणि कोणते नाव कोणत्या डिस्कचे हे एलएसबीएलके (lsblk) या आज्ञेने क्षमता, मॉडेल आणि सिरिअल क्रमांक जुळवून खात्री करून घ्यावे. मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कचा मजकूर भरलेल्या डिस्कवर लिहिला जाईल आणि ती चूक कोणालाही दुरुस्त करता येणार नाही. म्हणून डिस्कवरून थेट डिस्कवर उतरवण्यापेक्षा प्रत एका मोठ्या फाइलच्या रूपात घ्यावी, असे माझे मत आहे.

आज्ञेत क्रम असा असतो: आधी डीडीरेस्क्यू हे नाव, मग पर्याय, मग मूळ डिस्क, मग प्रतीची फाइल आणि शेवटी मॅप फाइल. पहिल्या फेरीत फक्त छोटा एन (-n) हा पर्याय द्यावा, ज्यामुळे अतिशय खराब जागा खरवडण्याचे काम मागे ठेवले जाते. मॅप फाइल प्रतीच्याच डिस्कवर ठेवावी. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रणालीचा डेस्कटॉप हा प्रत्यक्षात संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. तेथे ठेवलेली मॅप फाइल वीज जाताच नाहीशी होते, आणि तिच्याशिवाय कोणता भाग वाचून झाला हे साधनाला कळत नाही. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर किंवा काही वेळ हात न लावल्यास तो झोपणार नाही, अशी सेटिंगही आधीच करून ठेवावी.

काम सुरू झाले की पडद्यावर किती मजकूर वाचला गेला, सध्याचा वेग किती आहे आणि शेवटचे यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झाले हे दिसत राहते. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबीला तीन तासांच्या आत-बाहेर वेळ लागतो. यूएसबी २ वर हेच काम आठ-नऊ तासांवर जाते. आणि डिस्क फारच थकलेली असेल तर वेग सेकंदाला काही केबींवर येऊन हिशेबच उरत नाही. वेग घसरला म्हणून हात लावू नये, परंतु त्रुटींची संख्या एकाएकी भराभर वाढू लागली आणि वाचन पूर्ण थांबले तर डिस्कने संपर्क सोडला आहे असे समजून कंट्रोल-सी दाबून काम थांबवावे. नाही तर उरलेला चांगला भागही खराब म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. डिस्कची वीज तोडून ती निवू द्यावी, पुन्हा जोडल्यावर तिचे नाव बदलले तर नाही ना हे पाहावे आणि तीच आज्ञा, त्याच मॅप फाइलसह, पुन्हा द्यावी. मॅप फाइलची एक प्रत अधूनमधून वेगळ्या नावाने ठेवली तर असा गोंधळ झाल्यास मागे जाता येते. ही फाइल साधा मजकूरच असते. उघडून पाहिली तर वाचून झालेल्या भागापुढे अधिकचे चिन्ह, खराब सेक्टरांपुढे वजाचे चिन्ह आणि अजून न पाहिलेल्या भागापुढे प्रश्नचिन्ह दिसते.

पहिली फेरी संपल्यावर बहुतेक जण लगेच राहिलेल्या भागाच्या मागे लागतात. मी तसे न करण्याचा सल्ला देतो. १ टीबीच्या डिस्कवर ९९.९९ टक्के वाचन झाले तर सुमारे १०० एमबी उरतो, आणि तो भाग रिकाम्या जागेत किंवा विंडोजच्या फाइलींतही असू शकतो. म्हणून आजारी डिस्क बंद करून बाजूला ठेवावी, प्रतीमधून हवे ते मिळते का हे आधी पाहावे, आणि महत्त्वाचे काही अपुरे आहे असे दिसले तरच दुसरी फेरी करावी. त्या फेरीत थेट वाचनासाठी छोटा डी (-d) आणि तीन प्रयत्नांसाठी छोटा आर व त्याला लागून ३ (-r3) असे पर्याय द्यावेत. याच फेरीत कमकुवत हेड कायमचे जाण्याची भीती सर्वाधिक असते, म्हणून मालकाला विचारूनच ती करावी.

या क्रमाला एक अपवाद आहे. डिस्क नुकतीच अडखळू लागली असेल, आवाज नसेल आणि खरोखर हवे ते फोल्डर काही एमबींचेच असेल, जसे ऐन पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्राच्या उधारीचे टॅलीचे खाते, तर लिनक्समधून डिस्क केवळ वाचनासाठी उघडून तेवढे फोल्डर आधी उतरवावे आणि मग पूर्ण प्रत सुरू करावी.

प्रतीमधून फाइली काढणे

येथून पुढे घाई नाही, कारण प्रत कितीही वेळा उघडली तरी झिजत नाही. आधी टेस्टडिस्क वापरावे. ते प्रतीची फाइल थेट उघडते, हरवलेले पार्टिशन (सी, डी यांसारखा डिस्कचा विभाग) शोधते, आणि पी दाबल्यावर फोल्डरांची यादी मूळ नावांसह दाखवते. हवे ते निवडून दुसऱ्या जागी उतरवता येते. पार्टिशनची नोंद पुन्हा लिहिण्याचा पर्यायही ते देते, पण फाइली काढण्यासाठी त्याची गरज नसते. नावे आणि फोल्डर शाबूत मिळणे किती मोलाचे आहे हे टॅलीच्या बाबतीत कळते. टॅलीची प्रत्येक कंपनी क्रमांकाचे नाव असलेल्या एका फोल्डरमध्ये असते आणि ते फोल्डर अखंड मिळाले तरच खाते उघडते. सुटे तुकडे मिळून काही उपयोग होत नाही.

नोंदव्यवस्थाच नष्ट झाली असेल तर फोटोरेक हा दुसरा मार्ग आहे. टेस्टडिस्क आणि फोटोरेक दोन्ही क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तयार केलेली मोफत साधने आहेत. फोटोरेक फाइलींच्या नावांकडे न पाहता मजकुराच्या सुरुवातीच्या खुणांवरून जेपीजी, एमपी४, पीडीएफ अशा फाइली ओळखून काढते, म्हणून मिळालेल्या फाइलींना अर्थहीन क्रमांकांची नावे असतात आणि त्या ५००-५०० च्या फोल्डरांत येतात. फोटोंच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख असते. तिच्या आधाराने फोटो लावून घेतले की कोणते लग्न कोणाचे हे ओळखू येते. मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी साठवलेले असतील तर ते मात्र फोटोरेकला बहुधा पूर्ण जुळवता येत नाहीत.

आपल्याकडच्या कागदपत्रांबाबत एक खबरदारी घ्यावी. शाळा, ग्रामपंचायती आणि लग्नपत्रिका छापणारे यांच्याकडे कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली ढिगाने असतात. ज्या संगणकावर तो फाँट नाही तेथे त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांची विचित्र भेसळ दिसते, आणि ती फाइल खराब समजून काढून टाकली जाते. फाँट बसवून पाहिल्याशिवाय अशी एकही फाइल टाकू नये.

नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील सर्व मजकूर कूटबद्ध करणारी विंडोजची सोय, चालू असण्याची बरीच शक्यता असते, कधी तर मालकाच्या नकळत. अशा डिस्कची प्रत पूर्ण निघाली तरी ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय आतील काहीच वाचता येत नाही. लॅपटॉप सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा मिळते, तेव्हा काम हाती घेतानाच मालकाकडे त्या खात्याची चौकशी करावी. एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, हा निराळा प्रकार आहे. ती पुष्कळदा आवाज न करता एका क्षणात जाते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल ट्रिम या मोकळी जागा साफ करणाऱ्या व्यवस्थेमुळे बहुधा परत मिळत नाही.

प्रयोगशाळेत पाठवायची झाल्यास

टकटक करणाऱ्या, पडलेल्या किंवा भिजलेल्या डिस्कसाठी हाच मार्ग उरतो. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुरात शिरले तसे पाणी घरात शिरून डिस्क बुडाली असेल, तर ती उन्हात वाळवू नये, तांदळात ठेवू नये आणि चालू तर मुळीच करू नये. गाळाचे पाणी आत वाळले की चकतीवर थर बसतो; म्हणून ती ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून लवकरात लवकर पाठवावी. सर्किट जळाले असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे सर्किट लावून पाहण्याचा मोह होतो. परंतु आजच्या डिस्कमध्ये त्या एका डिस्कपुरती जुळवलेली माहिती सर्किटवरील चिपमध्ये असते आणि ती चिप हलवल्याशिवाय नुसती अदलाबदल कामी येत नाही.

खर्च मोठा असतो, त्यामुळे डिस्क सोपवण्याआधी काही गोष्टी लेखी घ्याव्यात. तपासणीचे शुल्क किती, माहिती न मिळाल्यास पैसे लागतील का, पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवली जाईल का, आणि काम नाकारल्यास डिस्क परत मिळेल का, हे स्पष्ट असावे. डिस्क आधी कोणी उघडली किंवा कोणते सॉफ्टवेअर चालवले हे त्यांच्यापासून लपवू नये. पाठवताना ती अँटिस्टॅटिक पिशवीत घालून सर्व बाजूंनी जाड फोम लावावा आणि खोक्यात ती हलत नाही हे कानाशी धरून तपासावे. शक्य असेल तर एसटीच्या टपावरच्या पार्सलपेक्षा कोणीतरी मांडीवर घेऊन जाणे चांगले.

माहिती परत मिळाल्यावर ती फक्त यादी पाहून स्वीकारू नये. फाइलीचे नाव आणि आकार बरोबर असूनही आतला भाग रिकामा असू शकतो, म्हणून फोटो मोठे करून पाहावेत, व्हिडिओ मधून आणि शेवटून चालवून पाहावेत, टॅलीत मागच्या वर्षाची शिल्लक जुळते का ते तपासावे. खात्री झाल्यावर दोन प्रती कराव्यात आणि त्यातील एक दुसऱ्या घरात ठेवावी. मालकाने सर्व पाहून होकार देईपर्यंत जुनी डिस्क आणि प्रतीची मोठी फाइल जपून ठेवावी. नंतर जुनी डिस्क भंगारात तशीच देऊ नये. सेवा केंद्राच्या किंवा पतसंस्थेच्या डिस्कमध्ये गावातल्या लोकांची आधार आणि बँकेची कागदपत्रे असतात. तिचे झाकण काढून चकत्या निकामी कराव्यात. साडेतीन इंची डिस्कच्या चकत्या बहुधा अॅल्युमिनियमच्या असतात व त्यांना ड्रिलने भोके पाडता येतात, पण लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि घाव बसताच तुकडे उडतात, म्हणून ती जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच फोडावी.